वासराच्या वाट्याचे दूध

जुन्या पिढीतील जैन घरांत नवा गवळी दूध घालू लागला की घरातील आजीबाई त्याला उंबऱ्यावरच एक प्रश्न विचारीत : "गाय व्याली, त्याला किती दिवस झाले?" गाय असेल तर दहा दिवस, म्हैस असेल तर पंधरा दिवस आणि शेळी असेल तर आठ दिवस त्या जनावराचे दूध घरात घ्यायचे नाही, असा दंडक होता. शेजारच्या वाड्यात वेलदोडा आणि गूळ घालून खरवसाच्या वड्या थापल्या जात. जैन घरातील मुले त्या वासाने रेंगाळत. परंतु चीक अभक्ष्य, म्हणून खरवस त्या घरांत शिजत नसे. चांदवडच्या बाजारपेठेतील अनेक कुटुंबांत हा नियम आजही पाळला जातो. दूध पिशवीतून येऊ लागल्यापासून मात्र तो प्रश्न विचारायचा कोणाला, हेच उरलेले नाही.

या नियमाची शास्त्रातील बैठक भक्ष्याभक्ष्य विचाराची आहे. त्याचा एक व्यावहारिक परिणाम मात्र असा होता की, व्याल्यानंतरच्या पहिल्या दिवसांतील दुधाला त्या घरांकडून मागणीच नसे आणि ते वासराकडे राहण्याची शक्यता वाढे. पशुवैद्यक शास्त्र या पहिल्या दिवसांविषयी फार स्पष्ट आहे. मनुष्याच्या बाळाला रोगप्रतिकारक द्रव्ये काही प्रमाणात आईच्या उदरातच मिळतात. गायीच्या वारेतून ती वासराकडे जात नाहीत. वासरू जन्मते ते जवळजवळ निःशस्त्र. त्याला ती शक्ती केवळ चिकातून मिळते आणि तीही वेळेत मिळावी लागते. कारण ही द्रव्ये जशीच्या तशी शोषून घेण्याची त्याच्या आतड्याची क्षमता सुमारे चोवीस तासांत संपते. म्हणून पहिला चीक जन्मानंतर तासा-दोन तासांच्या आत पोटात गेला पाहिजे, असे तज्ज्ञ सांगतात. संकरित गायीला एका वासराच्या गरजेहून अधिक चीक येतो, त्यामुळे प्रत्येक खरवस वासराच्या तोंडचाच असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही प्रश्न उरतोच. दूध निघाले, त्यात वासराचा वाटा किती, आणि तो कोणत्या वहीत लिहिला जातो?

व्यापारी कुटुंबाला वहीची भाषा लवकर समजते, म्हणून आधी वहीच पाहू. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना प्रत्येक देशाचा अन्नाचा ताळेबंद तयार करते. उत्पादन, आयात, निर्यात आणि साठ्यातील फरक एका बाजूला. माणसाचे अन्न, प्रक्रिया, नासधूस आणि पशुखाद्य दुसऱ्या बाजूला. दुधालाही पशुखाद्याचा रकाना आहे. परंतु त्यात एक बारीक अट आहे. वासराने थेट कासेतून ओढलेले दूध उत्पादनातच धरायचे नाही. धार काढून मग जनावराला पाजलेले दूध मात्र उत्पादनात धरायचे आणि पशुखाद्य म्हणून दाखवायचे. म्हणजे तेच दूध, तेच वासरू. सडाला तोंड लावून प्यायले तर हिशेबात नाही आणि बादलीतून प्यायले तर हिशेबात आहे. एखाद्या देशाचा हा आकडा वाढला, तर तेथील वासरांना अधिक दूध मिळू लागले असा अर्थ लगेच काढता येत नाही. कदाचित वासरे आयांपासून तोडून बादलीवर आली, एवढाच त्याचा अर्थ असेल.

युरोपचा इतिहास हेच सांगतो. १८७८ च्या सुमारास स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांचे साय वेगळी करणारे यंत्र आले आणि लोण्याचे कारखाने निघाले. डेन्मार्कमध्ये १८८२ साली पश्चिम जटलंडमध्ये पहिली सहकारी दूधसंस्था स्थापन झाली. सभासद दूध घालीत, संस्था साय काढून लोणी करी आणि उरलेले निसाईचे दूध सभासदांना परत देई. ते दूध वासरांना आणि डुकरांना पाजले जाई. तेथील लोण्याच्या व्यापाराशेजारी डुकराच्या मांसाचा व्यापार उभा राहिला, तो या परतीच्या दुधावर. दूध जनावराला पाजणे ही तेथे भूतदया नव्हती, जोडधंद्याचा कच्चा माल होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर भुकटीचे तंत्र सुधारले आणि वासरांसाठी दुधाला पर्यायी खाद्य बाजारात आले. सरकारी हमीभावामुळे १९७० च्या दशकात युरोपीय समुदायाच्या गोदामांत दूधभुकटीचे डोंगर साठले. ते हलविण्यासाठी १९७६ मध्ये पशुखाद्य उत्पादकांनी ही भुकटी घेतलीच पाहिजे, असा नियम करण्यात आला. पशुखाद्य म्हणून तिचे जे मूल्य होते, त्याच्या सुमारे तिप्पट किमतीला ती गळ्यात मारली जात होती. १९७७ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो नियम अवैध ठरविला. पुढे १९८४ मध्ये दूध उत्पादनावर कोट्याची मर्यादा आली, डोंगर ओसरले, आणि वासरांच्या खाद्यात भुकटीची जागा हळूहळू चीज करताना निघणाऱ्या निवळीच्या भुकटीने घेतली. या साऱ्या काळात युरोपातील दूधखाद्याचा मोठा भाग नेदरलँड्स, फ्रान्स यांसारख्या देशांत कोवळ्या वासरांच्या मांसासाठी खर्च होत होता. वासराला दूधच दूध पाजायचे, ते त्याच्या मांसाचा रंग फिका राहावा म्हणून. त्यासाठी वासरांना ज्या अरुंद फळ्यांच्या कप्प्यांत एकेकटे ठेवीत, त्यांवर युरोपीय संघात २००७ पासून बंदी आली. आकडा मोठा म्हणजे करुणा मोठी असे समजणाऱ्याने हा इतिहास एकदा वाचावा.

याच डोंगरांचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेच्या पहिल्या टप्प्यात जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १,२६,००० टन निसाईची भुकटी आणि ४२,००० टन लोणीतेल भारताला देणगी म्हणून ठरले. ती विकून आलेल्या पैशांतून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई ही शहरे गावोगावच्या दूधसंस्थांशी जोडली गेली. जी भुकटी युरोपात वासरांच्या बादलीत ओतली जात होती, तिच्याच जातीच्या भुकटीतून मुंबईच्या मुलांचे दूध तयार झाले आणि सहकारी दूधव्यवसायाचे भांडवलही उभे राहिले. वर्गीस कुरियन यांच्या दूरदृष्टीचे हे यश निर्विवाद आहे.

त्यानंतरची वाढ डोळे दिपविणारी आहे. १९५०-५१ मध्ये देशाचे दूध उत्पादन १ कोटी ७० लाख टन होते. २०२३-२४ मध्ये ते सुमारे २३ कोटी ९३ लाख टनांवर गेले. दरडोई उपलब्धता दिवसाला ४७१ ग्रॅम झाली. उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गुजरात यांच्यामागोमाग महाराष्ट्राचा क्रमांक लागतो. सरकारी कागदांत या दुधाची विभागणी ढोबळमानाने दोन भागांत सांगितली जाते : सुमारे ४८ टक्के दूध उत्पादकाच्या घरी किंवा गावातच वापरले जाते आणि ५२ टक्के बाहेर विक्रीला जाते. या दोन रकान्यांत माणूस आहे, डेअरी आहे; वासरू मात्र कोठेच नाही.

बँकेच्या कागदांतही त्याची गत निराळी नाही. दोन किंवा दहा संकरित गाईंच्या कर्जासाठी जे नमुना प्रकल्प अहवाल वापरले जातात, त्यांत गायीची किंमत, गोठा, विमा, खुराक, दुधाचे दिवस, भाकड काळ, शेणखताचे उत्पन्न असे सगळे असते. वासरांच्या बाबतीत मात्र एक वाक्य टाकून मोकळे होण्याची रीत आहे : संगोपनाचा खर्च आणि विक्रीचे उत्पन्न समसमान धरून दोन्ही सोडून दिले आहेत. जमा शून्य, नावे शून्य. कालवडीपुरते हे कदाचित खपून जाईल. गोऱ्ह्याच्या बाबतीत जमेची बाजू रिकामीच असते. मग दोन्ही बाजू समसमान ठेवायच्या, तर खर्चही शून्यावरच आणावा लागतो. कागदावरचे ते निरुपद्रवी वाक्य गोठ्यात उतरते, तेव्हा त्याचा अर्थ भूक असा होतो.

हा खर्च किती, हे एका साध्या गणिताने कळेल. जन्मतः तीस किलोच्या वासराला वजनाच्या एक दशांश, म्हणजे दिवसाला तीन लिटर दूध लागते. पहिला महिना तीन लिटर आणि दुसरा महिना खुराक सुरू करून दोन लिटर धरले, तरी दोन महिन्यांत दीडशे लिटर होतात. लिटरला तीस रुपये भाव धरला तर साडेचार हजार रुपये. चांदवडसारख्या तालुक्यात, जेथे पाऊस बेभरवशाचा, उन्हाळ्यात माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागते आणि हिरवा चारा विकत घ्यावा लागतो, तेथे दोन-तीन गाईंच्या धन्याला ही रक्कम लहान नाही. त्यातच भाव त्याच्या हाती नाही. २०१८ च्या जुलैत दूधदर कोसळून राज्यात आंदोलन पेटले, तेव्हा सरकारला लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान देऊन पंचवीस रुपये भाव ठरवावा लागला. २०२४ मध्येही अनुदानाचाच आधार घ्यावा लागला. पेंडीचा भाव मात्र कोणी ठरवून खाली आणीत नाही. अशा वेळी काटकसर सुरू होते ती जो बोलू शकत नाही त्याच्यापासून.

पूर्वी गणित वेगळे होते. देशी गाय वासरू तोंडाला लागल्यावाचून पान्हा सोडीत नसे. धार काढण्यापूर्वी वासरू पाजायचे, शेवटी पुन्हा सोडायचे आणि चार सडांतील एक सड त्याच्यासाठी राखायचा, अशी अनेक घरांची रीत होती. गोऱ्हा हा उद्याचा बैल होता. नांगर, मोट आणि गाडी त्याच्या खांद्यावर चालत. त्याला उपाशी ठेवणे म्हणजे स्वतःचे भांडवल कुजविणे. ट्रॅक्टर आला, विहिरीवर मोटार बसली, आणि बैलाचे काम गेले. संकरित गाय आली. ती वासरावाचूनही दूध देते, म्हणून वासरू जन्मताच दूर बांधता येऊ लागले. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ही उलथापालथ आकड्यांत दिसते. २०१२ च्या तुलनेत संकरित व विदेशी गोवंश सुमारे २७ टक्क्यांनी वाढला. गायींची संख्या १८ टक्क्यांनी वाढली. आणि गोवंशातील नर सुमारे ३० टक्क्यांनी घटले. गायीच्या पोटी नर आणि मादी जवळपास सारख्याच संख्येने जन्मतात. मग हे नर गेले कोठे, हा प्रश्न त्या आकड्याच्या पोटात आहे.

महाराष्ट्रात मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने गायीबरोबर बैल व वळूच्या हत्येलाही बंदी आली आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. जैन समाजाने या कायद्याचे स्वागत केले, ते स्वाभाविकच होते. कायदा सुरी थांबवितो. दूध पाजणे त्याच्या हाती नाही. पशूंना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे बारावे कलम फुंक्यासारखे प्रकार आणि दूध वाढविण्यासाठी दिलेली अपायकारक इंजेक्शने यांना शिक्षा सांगते. वासराच्या वाट्याचे दूध दररोज थोडे थोडे कमी करून त्याला अशक्त होऊ देणे, जुलाबाला बळी पडू देणे, हे मात्र कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. म्हशीच्या रेडकांची स्थिती तर याहून वाईट. त्यांच्यासाठी मोर्चे निघत नाहीत. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभे करण्याची युक्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यापुढचे वर्णन नको.

पंचनाम्यात ज्याची नोंद होत नाही, त्याची नोंद श्रावकाच्या वहीत मात्र फार पूर्वीपासून आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार घरोघरी प्रतिक्रमणात आठवले जातात : बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि पाचवा अन्नपाननिरोध. आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाला वेळेवर अन्नपाणी मिळू न देणे, हा दोष मारहाणीच्या आणि अंग छेदण्याच्या पंक्तीत बसविलेला आहे. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाकडे दहा-दहा हजार गायींची चार गोकुळे होती, असे वर्णन आहे. गृहस्थाला गोधन वर्ज्य नव्हते. त्या गोधनातील लहानग्याचा घास तोडणे मात्र दोष होता. दूध आणि अहिंसा यांचा प्रश्न काल-परवा परदेशातून आला, असे मानणाऱ्यांनी या पाचव्या अतिचाराकडे पुन्हा पाहावे.

हा प्रश्न आज अनेक घरांत जेवणाच्या पाटावर येऊन बसला आहे. पुण्या-मुंबईस किंवा परदेशी शिकणारी नात सुट्टीत घरी येते आणि चहात दूध नको म्हणते. आजोबांना ते परंपरेचा अवमान वाटते. नातीला आजोबांचे श्रीखंड विसंगत वाटते. दोघेही अहिंसेच्याच नावाने बोलत असतात. कोणी काय खावे याचा निवाडा ज्याने त्याने आपल्या गुरूंपाशी आणि विवेकापाशी करावा. परंतु जो दूध घेतो, त्याच्यावर ते कसे निघाले हे विचारण्याची जबाबदारी अधिक आहे. आणि ज्याने सोडले, त्याच्या सोडण्याने आज दाव्याला बांधलेल्या वासराचे पोट आपोआप भरत नाही.

व्यापारी समाजाच्या हातात काही गोष्टी निश्चित आहेत. चांदवड, मनमाड, मालेगाव, लासलगाव या बाजारपेठांतील कित्येक कुटुंबे भुसार, मका आणि सरकी पेंडीच्या व्यापारात आहेत. ज्या शेतकऱ्याचे वासरू अशक्त आहे, त्याची उधारी याच वह्यांत लिहिलेली असते. वासरासाठीचा खुराक आणि दुधाला पर्यायी भुकटी दुकानात ठेवणे, तिचा वापर समजावून सांगणे आणि व्याल्याच्या महिन्यात त्या मालाच्या वसुलीसाठी तगादा न लावणे, यासाठी कोणत्याही ट्रस्टची नोंदणी लागत नाही. नीट वापरलेली भुकटी व खुराक यांमुळे वासराच्या दुधाचा खर्च कमी होतो आणि चांगली वाढलेली कालवड लवकर गाभण राहते. शेतकऱ्यालाही ते परवडणारे आहे. ज्या रेतनातून सुमारे नव्वद टक्के कालवडीच जन्मतात, ते लिंगनिवडीचे रेतन आता उपलब्ध आहे. नको असलेला गोऱ्हा जन्माला घालून उपाशी ठेवण्यापेक्षा हा मार्ग कमी दोषाचा, असे अनेक गोपालकांना वाटते.

जन्मलेल्या गोऱ्ह्यांसाठी पांजरपोळ आहे, पण तिचे भांडवल कोठून यायचे, हेही पूर्वजांनी दाखवून दिले आहे. १८३४ मध्ये मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांनी पांजरपोळ स्थापन केली, तेव्हा ती केवळ एकदाच्या देणगीवर सोडली नाही. कापूस, साखर यांसारख्या मालाच्या उलाढालीवर व्यापाऱ्यांनी स्वतःहून लागा बसवून घेतला. धंदा चालला की पांजरपोळ चालणार, अशी ती व्यवस्था होती. आज पर्युषणात एकरकमी चारा-दान होते आणि त्याचा फलकही लागतो. परंतु वासराला दूध रोज लागते. क्विंटलमागे ठरावीक पैसे बाजूला काढण्याची जुनी रीत पुन्हा सुरू झाली, तर नाशिक जिल्ह्यातील गोशाळांना महिन्याचा खर्च आधी ठरविता येईल, आणि आजारी गोऱ्हा दारात सोडला गेल्यावर नाही म्हणण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाही.

चांदवडला दोन नावांचा अभिमान आहे. एक अहिल्याबाई होळकरांचे. गावातील रंगमहाल त्यांची आठवण देतो. पुत्र मालेराव यांच्या रथाखाली वासरू सापडले, तेव्हा रस्त्यात बसलेल्या त्या गायीसाठी अहिल्याबाई पुत्रालाही शिक्षा द्यायला निघाल्या, ही आख्यायिका इतिहासाच्या कसोटीवर टिको न टिको, लोकांनी ती अडीचशे वर्षे जपली आहे. दुसरे नाव भगवान नेमिनाथांचे. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या येथील श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाने ते धारण केले आणि त्या नावाच्या छायेत हजारो मुले शिकून गेली. लग्नाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून नेमिकुमारांनी रथ माघारी फिरविला. त्या पशूंचा आवाज मोठा होता, म्हणून तो वरातीच्या वाद्यांतूनही ऐकू आला. उपाशी वासराचा आवाज दिवसागणिक बारीक होत जातो. तो ऐकायचा तर गोठ्याजवळ जावे लागते.

दूध घालणाऱ्याला आजीबाई विचारीत, तो प्रश्न म्हणूनच टाकून देण्यासारखा नाही. ज्यांच्याकडे अजून दारावर दूध येते, त्यांनी गाय व्याली त्याला किती दिवस झाले हे जरूर विचारावे. आणि त्याला जोडून आणखी एक विचारावे, वासरू कसे आहे? उत्तर देताना गवळी अडखळला, तर त्याला दोष देण्याआधी लिटरमागे आपण किती देतो, ते वहीत एकदा पाहावे.